दोन मांजरांना तीन टब

४ जून

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर आम्ही दोघं एकाच वेळी ओरडतो आणि तुला कोणाचंच धड कळत नाही, म्हणून यापुढे जे सांगायचं ते पत्रात लिहा, हा तुझा हुकूम मी पाळतोय. भाऊ म्हणाला की तो वेल्डर आहे, कारकून नाही. त्यामुळे सुरुवात माझ्यावर आली.

आई जाऊन चार महिने झाले. तिच्यामागे या दोन खोल्यांत आम्ही दोघे भाऊ आणि तिची दोन मांजरं उरलो. शिपाई बोका चार वर्षांचा, अंगाने आडवातिडवा. मुकी अकरा वर्षांची, तिचा आवाज मी आजवर दोनदाच ऐकलाय. तिसऱ्या मजल्यावरून खाली सोडायची सोय नाही, म्हणून त्यांचा वाळूचा टब बाथरूममध्ये, वॉशिंग मशीनच्या मागे. आई होती तोवर टब कधी साफ होई, कोण करी, हे आम्हाला कळलंही नव्हतं.

आता घरात रोज लढाई आहे. शिपाई बाथरूमच्या उंबऱ्यावर पहारेकऱ्यासारखा बसतो. मुकी आत जायला निघाली की झडप घालतो. परवा तिचा डावा कान टोकापासून फाटला. मशीनवर, टबावर, भिंतीवर रक्ताचे शिंतोडे. मग ती बिचारी जाणार कुठे? भाऊच्या गादीवर गेली.

भाऊ कामावरून आला आणि ओल्या गादीवर बसला. त्याने टब वाळूसकट उचलला आणि माझ्या टेबलावरच्या भिंतीवर फेकून मारला. मी एका जुन्या घड्याळाचं बॅलन्सचं बारीक चाक चिमट्यात धरून बसलो होतो. गिऱ्हाइकांची सहा घड्याळं उघडी होती, सगळ्यांत वाळू गेली. मी काही बोललो नाही, तर त्याचा राग आणखी चढला आणि त्याने स्वयंपाकघराच्या दारात मूठ घातली. दाराला भोक पडलं. आता चहा करताना मला त्यातून बाहेरची खोली दिसते.

तू वीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्ट्या करतेस. आम्हाला एवढंच सांग की टब कसला घ्यायचा, कुठे ठेवायचा, आणि वाळू कोणती.

तुझी माया आहे तशी राहू दे, पुष्कळ झाली.

तुझा,
धाकू


१० जून

चि. भाऊ आणि चि. धाकू यांस,
अनेक आशीर्वाद.

पत्र एकच लिहिते, दोघांनी एका जागी बसून वाचावं. भाऊने मोठ्याने वाचावं म्हणजे धाकूला मधेच थांबवता येणार नाही, आणि धाकूने कागद धरावा म्हणजे भाऊला तो फेकता येणार नाही.

मांजरं दोन, तर टब तीन. हसू नका. एकच टब असला की दांडगं मांजर त्याच्या वाटेवर बसतं आणि दुसऱ्याची कोंडी करतं. तिन्ही टब एका रांगेत मांडाल तर तो एकच टब झाला. एक पुढच्या खोलीत, एक मागच्या खोलीत, एक गॅलरीत. भिंतीच्या कोपऱ्यात कोंबू नका, आत बसलेल्याला दोन बाजूंनी पळता आलं पाहिजे. वॉशिंग मशीनच्या मागे तर मुळीच नको. मांजर नेमकं बसलेलं असताना मशीन घुमायला लागलं, तर ते पुन्हा त्या जागी कशाला जाईल? खाण्याच्या भांड्याजवळही नको. तुम्ही तरी संडासात ताट मांडाल का?

टब मोठा घ्या, शिपाईच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या दीडपट. झाकणाचा नको, आत वास कोंडतो. मुकीचे सांधे धरले असणार, तिच्यासाठी एका बाजूची कड चारच बोटं उंचीची ठेवा. वाळू बारीक, ओली झाली की गोळा धरणारी, बिनवासाची. थर तीन बोटं. सकाळ-संध्याकाळ गोळे काढायचे, तेवढीच नवी वाळू घालायची, दर आठवड्याला सगळी ओतून टब साध्या साबणाने धुवायचा. फिनेल घालाल तर याद राखा.

आणि हे मांजरांचं नाही. भाऊ, दाराला भोक पाडलंस हे वाचून माझं डावं कोपर दुखायला लागलं. ते सरळ का होत नाही हे तुम्हा दोघांना माहीत आहे. बाबांनीसुद्धा आधी दारंच फोडली होती. माझा हात मोडला त्या दिवशी तुम्ही दोघं पलंगाखाली होतात. नंतर माझ्या प्लॅस्टरवर हात ठेवून, कोणावर हात उचलण्याबद्दल तुम्ही काय कबूल केलं होतं, ते मी पुन्हा लिहीत नाही.

दोघांवरही जीव आहे, पण सारखा टांगणीला लावू नका.

तुमची,
अक्का


२१ जून

ती. अक्कास,
सा. न.

धाकू लिहितो तसं मला लिहिता येत नाही. चुका पोटात घाल.

बाजारात टब पाहिले. बाहुलीला अंघोळ घालायचे वाटले. शिपाई त्यात बसला असता तर अर्धा बाहेर. मग वर्कशॉपमधले प्लॅस्टिकचे तीन मोठे क्रेट आणले. पुढची कड कापली, कानशीने घासली, गाल लावून बघितलं कुठे टोचतं का ते. मुकीसाठी कड एकदम खाली घेतली. गोळे काढायला लोखंडी झारा केला. जाड जाळी, लांब दांडा, पक्का वेल्ड. माझ्यामागे शंभर वर्षं टिकेल. स्टोअरवाले काका बघून म्हणाले की एवढ्या निगुतीने तू कधी साहेबांची ग्रिलसुद्धा केली नाहीस.

तू सांगितलं तसे ठेवले. चार-पाच दिवस घर शांत. मुकी गॅलरीतल्यात जाते, जणू पहिल्यापासून तिचाच होता. कान भरत आलाय. गोळे सकाळी मी काढतो, संध्याकाळी धाकू.

पण अक्का, धाकू माझ्याशी बोलत नाही. मी ओरडतो, फेकतो आणि विसरतो. तो बसून राहतो. भिंग डोळ्याला लावून माझ्याकडे बघतो. एकदा मी विचारलं की काय बघतोस, तर म्हणाला की काही नाही, तुझं चाललंय तसं चालू दे. मला त्या बघण्याची भीती वाटते. मी त्याच्या दुप्पट आहे, तरी वाटते.

आणखी एक. परवापासून शिपाई पुन्हा बिघडलाय. दहादा टबात जातो, बसतो, जोर करतो, वाळू उकरतो, आत काहीच नाही. मग माझ्या कामाच्या कपड्यांवर येऊन चार थेंब टाकतो. मुद्दाम करतो असं वाटलं. काल लाथ घातली. जोरात नाही. म्हणजे होती थोडी जोरात. धाकू घरात नव्हता. त्याला सांगू नकोस.

पाया पडतो. राग मानू नकोस, मी आहे तो असा.

भाऊ


२४ जून

चि. भाऊस,
आशीर्वाद.

तुझं पत्र आत्ता हातात पडलं. सकाळपासून तीनदा फोन केला, कोणी उचलत नाही, म्हणून हे चार शब्द हातोहात पाठवते आहे.

बोका दहादा जोर करतो आणि वाळूत गोळा बनत नाही, हा खोडसाळपणा नव्हे. त्याची लघवीची वाट तुंबत चालली आहे. ती पुरती बंद झाली की एक-दोन दिवसांत बोका तडफडून मरतो. आमच्याकडे आणतात तेव्हा त्यांचं पोट दगडासारखं लागतं. तो तुझ्या कपड्यांवर सूड घ्यायला येत नव्हता रे. टबात गेलं की दुखतं, म्हणून तो टबाला भ्यायला लागला होता आणि मऊ जागा शोधत होता.

हे पत्र पोचेल त्या क्षणी त्याला उचल आणि डॉक्टरकडे ने. पोटाला धक्का लागू देऊ नकोस. आणि पुन्हा पाय उचललास तर मी तिकडे येईन.

अक्का


२७ जून

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझे फोन मी पाहिले. उचलायचं धाडस झालं नाही.

तेवीस तारखेला संध्याकाळी पाच वाजता मी पुढच्या खोलीतला टब साफ करत होतो. शिपाई त्यातच बसला होता, हटत नव्हता. घशातून एक आवाज काढत होता, तसा मी कधी ऐकला नाही. दुपारी तो दोनदा ओकला होता. मी त्याला उचलून न्यायच्या विचारात होतो, तेवढ्यात भाऊ आला. खांद्यावरचा शर्ट त्याने खुर्चीवर टाकला. शिपाई टबातून उतरला, सरपटत खुर्चीपाशी गेला आणि त्या शर्टाच्या लोंबत्या बाहीवर बसला. भाऊने बूट घातलेल्या पायाने त्याला उडवला. तो दारावर आपटला आणि तिथेच पडून राहिला.

भाऊ बूट काढायला खाली बसला. झारा माझ्या हातात होता.

अक्का, मी चार वेळा मारलं. मी घड्याळवाला आहे, माझी मोजणी चुकत नाही. पहिला खांद्यावर बसला. त्याने मान वर केली, तेव्हा दुसरा कानावर. तिसरा डाव्या डोळ्यावर. मग त्याने डोळ्यावर हात धरला, आणि चौथा मी त्या हातावर मारला. पहिला रागात गेला असं कदाचित म्हणता येईल. बाकीचे तीन मी बघून मारले. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे मला स्वच्छ कळत होतं की हा झारा त्यानेच बनवलाय आणि तो तुटणार नाही.

त्याने माझ्यावर हात उचलला नाही. ओरडलासुद्धा नाही. बोटांमधून रक्त वाळूत गळत होतं आणि वाळूचे गोळे होत होते. तो म्हणाला की आधी बोक्याला बघ, त्याचं पोट बघ. मी हात लावला. पोट दगडासारखं होतं.

खालच्या मजल्यावरचा टॅक्सीवाला भाऊला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. मी शिपाईला टॉवेलमध्ये गुंडाळून जनावरांच्या डॉक्टरांकडे पळालो. त्यांनी त्याला भूल देऊन नळी घातली. लाथेने लघवीची पिशवी फुटली कशी नाही याचंच त्यांना नवल वाटलं. तो जगला.

भाऊचा डोळा गेला. गालाचं हाड तडकलंय, दोन बोटं मोडलीत. दवाखान्यात त्याने सांगितलं की कामावर सगळे गेल्यावर ग्राइंडरची चकती फुटली आणि तुकडा लागला. मी खाटेशेजारीच उभा होतो. मी काही बोललो नाही. न बोलणं मला चांगलं जमतं.

मी बोक्याला वाचवायला गेलो होतो, असं तू तरी समज.

तुझ्या मायेला पात्र नाही, तरी मागतो.

धाकू


३ जुलै

चि. धाकूस,

आशीर्वाद लिहायला हात रेटत नाही. नंतर लिहीन.

तू बोक्याला वाचवायला मारलंस, असं मी समजणार नाही. वाचवायचं होतं तर त्याला उचलून जिना उतरायचा होता. तू आजवरचा सगळा हिशेब एका झाऱ्यात चुकता केलास. भाऊ बाबांसारखा आहे असं मी इतकी वर्षं म्हणत आले. तो दारं फोडतो म्हणून मी त्याच्याकडे बघत बसले, आणि तू गप्प असतोस म्हणून तुला शहाणा समजले. हे माझंही चुकलं.

तू तुझी हत्यारं घेऊन माझ्याकडे ये. तुम्ही दोघं यापुढे एका छपराखाली नकोत. भाऊ दवाखान्यातून घरी आला की मांजरं त्याच्यापाशीच राहतील. त्याने तसं मागितलंय. मी त्याला फोनवर विचारलं की तुला शिपाईजवळ राहायचा हक्क आहे का. तो म्हणाला की नाही, पण त्याचे टब कोणीतरी साफ करायला हवेत.

निघण्यापूर्वी एवढं कर. नळी काढलेल्या बोक्याला आठ-दहा दिवस वाळू नको, ती चिकटते. टबात साध्या कागदाच्या पट्ट्या घाल. एका टबात फक्त तोच जाईल असं बघ, म्हणजे लघवी किती झाली ते कळेल. पाणी तीन ठिकाणी ठेव. जिथे भाऊचं रक्त पडलं ती वाळू तुझ्या हाताने काढ आणि टब तुझ्या हाताने धू. दुसऱ्या कोणाला लावायचं नाही.

अक्का


१६ जुलै

ती. अक्कास,
सा. न.

अक्षर तिरकं आलंय. एका डोळ्याने ओळ कुठे जाते कळत नाही. चहा कपाच्या बाहेर ओततो. जिन्याची शेवटची पायरी रोज खोटी निघते. साहेब म्हणाले की वेल्डिंग बंद, गेटवर बस.

शिपाई माझ्यापासून दोन हात लांब राहतो. बरोबर आहे. मी बूट घराबाहेर काढतो. टबाजवळ जाताना जमिनीवर बसून सरकत जातो, उभा राहत नाही. उभा राहिलो की तो पलंगाखाली जातो. कागदावरून आता पुन्हा वाळूवर आलाय. रोज दोन गोळे, लिंबाएवढे. काल तीन. तू विचारशील म्हणून मोजले. झारा भंगारात टाकला, आता आईच्या जुन्या झाऱ्याने काढतो.

पण पत्र दुसऱ्या गोष्टीसाठी आहे. मी खोटं बोललो ते धाकूला वाचवायला. वाटलं, लोखंडाचं काम, लागतं कोणालाही. पण साहेबांनी चौकशी लावली. फुटकी चकती दिलीच कशी, म्हणून स्टोअरवाल्या काकांना घरी बसवलं. एकोणतीस वर्षं झाली त्यांना. मला कामावर त्यांनीच लावलं होतं. काल ते मला भेटायला आले आणि माझीच माफी मागायला लागले. म्हणाले की चकती तपासली होती रे, पण वयाने नजर चुकली असेल. माझ्या एका डोळ्याकडे बघून म्हातारा रडला.

ते गेल्यावर मी घरभर फिरलो. भिंतीवर मूठ मारावी असं वाटलं, मारली नाही. मारून काकांना काय मिळणार?

खरं सांगितलं तर पोलीस धाकूला नेतील. नाही सांगितलं तर काका चोरासारखे मरतील. तू मोठी आहेस, तू सांग.

पाया पडतो.

भाऊ


२० जुलै

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

मी काही सांगायची वेळच आली नाही. तुझं पत्र मी धाकूला वाचून दाखवलं. त्याने ते मागून घेतलं, पुन्हा वाचलं, मला विचारलं की काका तेच का, ज्यांनी त्याला लहानपणी पहिलं बंद पडलेलं घड्याळ खेळायला दिलं होतं. मी म्हटलं की तेच. त्याने टेबलावरची हत्यारं पुसून कापडात गुंडाळली.

आज पहिल्या बसने तो तुमच्या गावाला निघालाय. आधी वर्कशॉप, मग पोलीस ठाणं. मी सोबत येते म्हटलं, तर नको म्हणाला. मी अडवलं नाही. अडवावंसं वाटलं हे मात्र खरं. लहान आहे रे तो, मला अजूनही पलंगाखालचाच दिसतो.

तो तुझ्याकडे येणार नाही. तू दार लावून घेऊ नकोस, पण वाटही बघू नकोस.

दोघांची आणि म्हणून कोणाचीच धड नसलेली,
अक्का


१ ऑगस्ट

ती. भाऊस,
सा. न.

हे तुला माझं पहिलंच पत्र. एका घरात राहणाऱ्यांना लिहायची वेळ येत नाही.

साहेबांसमोर मी सगळं सांगितलं, चारही घाव. त्यांचा विश्वास बसेना. म्हणाले की तू? भावाला? एवढासा तू? मग त्यांनी काकांना बोलावणं पाठवलं. काका आले, ऐकून घेतलं, आणि सगळ्यांसमोर माझ्या कानाखाली वाजवली. मी हललो नाही. ते जाताना म्हणाले की चकती चांगली होती हे ऐकून बरं वाटलं, पण एवढं बरं वाटायला नको होतं.

पोलिसांनी दोन दिवस ठेवलं. अक्का जामीन राहिली. खटला उभा राहील तेव्हा तुला साक्षीला बोलावतील. तू मला सांभाळून बोलू नकोस.

मी माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल. तुझ्यावर ते ओझं नको.

धाकू


१४ ऑगस्ट

चि. धाकूस,
आशीर्वाद. (लिहून टाकला, विचार करत बसलो असतो तर राहिला असता.)

काका परत कामावर आले. माझ्याशी बोलत नाहीत. गेटवरून जाताना हात तेवढा वर करतात.

साक्षीत मी खरं सांगणार. चार वेळा मारलं हे सांगणार, आणि तुंबलेल्या बोक्याला मी बूट घातलेल्या पायाने मारलं हेही सांगणार. त्यानंतर तुला शिक्षा होवो न होवो, तुला घरात घ्यावंसं मला वाटेल का, माहीत नाही. आज वाटत नाही. रात्री दार दोनदा तपासतो. मी, एवढा धिप्पाड माणूस.

तरी एक लिहायचं होतं आणि ते दुसऱ्या कोणाला लिहिण्यासारखं नाही.

रविवारी दुपारी मी गॅलरीतला टब धुवून वाळत ठेवला आणि खुर्चीवर जरा डोळा लागला. डाव्या बाजूने गालाला काहीतरी लागलं. त्या बाजूचं मला दिसत नाही. तू आलास असंच वाटलं. मी दचकून उठलो आणि हात वर गेला, मूठ वळून, पूर्ण ताकदीने. ती मुकी होती. खुर्चीच्या पाठीवर चढून माझ्या गालाचा वास घेत होती. ती पळाली नाही. बघत राहिली.

हात वरच अडकला. खाली येताना तो तिच्यावरच येणार, असं वाटलं. मग मी उजवा हात डाव्या हाताने धरला आणि हळूहळू मांडीवर आणून ठेवला. किती वेळ लागला सांगता येत नाही. घामाने शर्ट भिजला.

उचललेला हात न मारताही खाली येतो, धाकू. एवढंच तुला कळवायचं होतं.

भाऊ